खाडाखोड

गणपतीच्या सुट्टीत बहिणीकडे कोथरूडला गेले होते, तेव्हा भाचीची मराठीची वही हाती लागली. सहावीतली पोर. निबंधाचा विषय पाऊस, आणि निबंधात पाऊस बेताचाच. ‘सर्वत्र हिरवळ पसरते’, ‘बळीराजा सुखावतो’ वगैरे नेहमीची वाक्यं. कोथरूडच्या पाचव्या मजल्यावरच्या मुलीला बळीराजा कुठे भेटला कोण जाणे. पण दुसऱ्या परिच्छेदात तिचा एक शब्द चुकला होता. तो तिने खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा चुकला, पुन्हा खोडला. मग त्या काळ्या गिचमिडी एकमेकींना जोडल्या, खालून दोन लांब पाय काढले, पुढे चोच काढली. एक पाय थेट समासात. खालच्या ओळीतली खोडलेली ‘छत्री’ त्या प्राण्याची शेपटी झाली होती. शेजारी लाल शाईत शेरा : ‘खाडाखोड नको. निबंध पुन्हा लिहिणे.’ पुढच्या पानावर तिने तो पुन्हा लिहिला होता. अक्षर सरळ, पान स्वच्छ. पाऊस पहिल्याइतकाच बेताचा होता, प्राणी मात्र गेला होता.

बहीण चहा ओतता ओतता म्हणाली, “तिला चित्रकलेच्या क्लासला घालणार आहे. एलिमेंटरीला बसायचंच आहे पुढे, आत्तापासून स्मरणचित्राचा हात बसलेला बरा.” त्यात चूक काहीच नव्हती. शेरा लिहिणाऱ्या बाईंचंही चूक म्हणता येणार नाही. वह्यांच्या गठ्ठ्यातली ही एक, आणि पुढच्या तासाची घंटा व्हायची वेळ. तरी परतताना कर्वे रस्त्याच्या गर्दीत बस अडकली होती आणि ढोलपथकांचा सराव कानात घुमत होता, तेव्हा तो समासात गेलेला पाय काही डोक्यातून जाईना.

रवींद्रनाथांच्या हस्तलिखिताची पानं मी पहिल्यांदा पाहिली ती औंधला, एका बंगाली सहकाऱ्याच्या घरी, छापील प्रतिकृतीत. त्या दिवशी जेवायला मोहरीतला मासा होता आणि मला खरं तर त्याच्यातच रस होता. जेवण झाल्यावर त्याने कपाटातून जाडजूड पुस्तक काढलं आणि हात धुऊन आलात ना, अशा नजरेने माझ्याकडे बघत पुढे ठेवलं. कवितेच्या ओळी होत्या, मला न कळणाऱ्या लिपीत. काही शब्द खोडलेले. खोडलेल्या जागा एवढ्या निगुतीने गिरवल्या होत्या की आतलं अक्षर दिसायची सोयच उरली नव्हती. एका खोडीपासून निघालेली काळी रेघ दुसऱ्या खोडीला जाऊन मिळायची, तिथून वळण घेऊन तिसरीला, आणि पानाच्या मध्यावर एखादं जनावर उभं राहायचं. मगर म्हणावी तर पंख आहेत, पक्षी म्हणावा तर दात. जिवंत राहिलेले शब्द त्या जनावराच्या फासळ्यांमधून वाट काढत पुढे चाललेले. कविता कुठली ते सहकाऱ्याने सांगितलं, मी विसरले. जनावर लक्षात राहिलं.

या खोडींबद्दल त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. पानावरची ती ओरखाडलेली विद्रूप जागा त्यांना बघवत नसे; मुक्तीसाठी आक्रोश करणाऱ्या पाप्यांसारख्या त्या खोडी डोळ्यांवर चाल करून येत, आणि त्यांना लयीत बसवून सोडवण्यात हातातल्या कवितेपेक्षा जास्त वेळ जाई. मला यातली वेळेची गोष्ट आवडते. नोबेल मिळालेला माणूस, पत्रांचा ढीग पडलेला, विश्वभारतीसाठी पैसे गोळा करत जगभर हिंडतोय, आणि एका रद्द केलेल्या शब्दाला पाय काढत बसलाय.

चित्रकला त्यांना कुणी शिकवलीच नाही असं मात्र नाही. कलकत्त्यातल्या जोडासांकोच्या घरातल्या मुलांचं वेळापत्रक आजच्या कोथरूडलाही झेपणार नाही असं होतं. पहाटे पैलवानाबरोबर कुस्ती, मग घरच्या शिकवण्या, शाळा, आणि शाळेतून आल्यावर आधी व्यायामाचे मास्तर, ते जातात न जातात तोच चित्रकलेचे मास्तर हजर. त्या मास्तरांचा काही उपयोग झाला नाही. शाळांचाही झाला नाही. एकामागून एक सुटल्या, लंडनलाही पदवी न घेताच परतले. घरात मात्र चित्रं पिकत होती. अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे पुतणे नावाजलेले चित्रकार. १९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झालं, नंदलाल बोस तिथे शिकवायला आले. म्हणजे ज्याने दुसऱ्यांसाठी चित्रांची शाळा काढली, त्याला स्वतःला रेघ धड ओढता येत नाही अशी त्याची ठाम समजूत होती. १९०० साली जगदीशचंद्र बोसांना लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, वही घेऊन चित्रं काढायला बसलोय, पण पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त चालतंय. तेव्हा राफाएलने थडग्यात निर्धास्त झोपावं.

ती चित्रं तिथेच थांबली. आणि पाव शतकानंतर खोडरबरानेच, म्हणजे त्या खोडण्यानेच, त्यांना चित्रकार केलं.

हे घडलं परमुलखात. १९२४ साली पेरूला निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात, नदीकाठच्या सान इसिद्रोला लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोच्या पाहुणचारात राहिले. तिथे ‘पूरबी’च्या कविता लिहिणं चालू होतं. वहीतल्या त्या गिचमिडीतून उमटलेल्या आकृत्यांवर ओकाम्पोची नजर पडली. तिला बंगाली येत नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच पडली. बंगाली येणाऱ्याने आधी कविता वाचली असती आणि खोडलेलं सोडून दिलं असतं. पुढे १९२८ च्या सुमारास कवितेचा आधार सुटून सुटी चित्रं यायला लागली, आणि १९३० च्या मे महिन्यात पॅरिसच्या पिगाल गॅलरीत पहिलं प्रदर्शन भरलं, तेही ओकाम्पोच्याच खटपटीने. गृहस्थ एकोणसत्तरीचे. तिथून बर्लिन, मॉस्को, न्यूयॉर्क. कलकत्त्याच्या कलाशाळेत चित्रं लागली ती त्यानंतर, १९३२ च्या फेब्रुवारीत. मरेपर्यंतच्या दहा-बारा वर्षांत दोन हजारांवर चित्रं केली. सराईत चित्रकारालाही दम लागेल असा हा वेग. ब्रश फारसा नाहीच. फाउंटन पेन, पेनाची मागची बाजू, चिंधी, बोटं. रंगीत शाई, कधी फुलांच्या पाकळ्यांचा रस. चित्रांना नावं नाहीत. अर्थ विचारला तर म्हणत, माझी चित्रं गप्प आहेत तसा मीही गप्प.

एवढं बोलणारा माणूस!

लाल रंग त्यांना नीट दिसत नसावा, असं त्यांच्या चित्रांचा अभ्यास केलेले सांगतात. ते वाचल्यापासून मी त्यांचे मातकट, तपकिरी, जांभळट चेहरे वेगळ्या नजरेने बघते. त्या बायकांचे लांबट चेहरे, पदर डोक्यावरून घेतलेला, डोळे आपल्याकडे रोखलेले, आणि ओठ काही सांगायच्या आधीच मिटलेले. काही चित्रं मला झोप उडवणारी वाटतात. काही मात्र, स्पष्ट सांगायचं तर, अजिबात आवडत नाहीत. हात बेंगरूळ, झाडांच्या मागे उजेड आहे का आग लागलीय ते कळत नाही, आणि काही नुसतीच नक्षी. भक्तमंडळींना हे सांगितलं की ते समजुतीने हसतात, जणू माझं अजून वय व्हायचंय.

पुण्याशी त्यांचा संबंध म्हटला की येरवडा. कलकत्त्यातल्या त्या प्रदर्शनाला सहा-सात महिने झाले असतील. गांधीजींचं उपोषण चालू होतं, पुणे करार होऊन दोन दिवस लोटले होते, आणि २६ सप्टेंबर १९३२ ला रवींद्रनाथ तुरुंगात त्यांच्या खाटेपाशी पोचले. त्या कराराने कुणाच्या पदरात काय पडलं आणि कुणाला किती दबावाखाली सही करावी लागली, यावर आपल्याकडे अजून वाद आहे, असलाच पाहिजे. बाबासाहेबांच्या बाजूने विचार करताना मला त्या संध्याकाळच्या गहिवरात फारसं सामील होता येत नाही. पण त्या संध्याकाळची एक गोष्ट मी कुठल्याही बाजूला टाकू शकलेले नाही. उपोषण सुटायच्या आधी रवींद्रनाथांनी स्वतःचं गाणं म्हटलं, ‘जीवन जखन शुकाये जाय’. आयुष्य सुकून जाईल तेव्हा करुणेची धार होऊन ये, अशी विनवणी. मग कस्तुरबांनी संत्र्याचा रस दिला. पुढे या प्रसंगाबद्दल लिहिताना रवींद्रनाथांनी कबूल केलंय की गाण्याची चाल ते विसरले होते. त्या वेळेपुरती चाल लावून म्हणावं लागलं.

स्वतःच्याच गाण्याची चाल. आणि हेही लक्षात घ्या की त्याआधी जेमतेम दीड-दोन महिने झाले होते त्यांचा एकुलता एक नातू, नीतींद्रनाथ, जर्मनीत वारला त्याला. एकाहत्तर वर्षांचा, वाकलेला, प्रवासाने शिणलेला माणूस. चाल आठवत नाही म्हणून तो थांबला नाही, की नुसत्या ओळी वाचून दाखवतो असंही म्हणाला नाही. जे हरवलं त्याच्या जागी तिथल्या तिथे दुसरं उभं केलं. येरवड्यावरून विमानतळाकडे जाताना त्या दगडी भिंतीकडे बघून माझ्या मनात दरवेळी हेच येतं की ती चाल कशी असेल. कुणी टिपली असेलसं वाटत नाही. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती वेगळी आहे हेही कळलं नसणार. आणि वहीतल्या त्या जनावराचं नातं मला त्यांच्या पॅरिसमधल्या चित्रांपेक्षा या चालीशी जास्त जवळचं वाटतं.

आता मनातली खोच सांगते. हेच सगळं कुणा साध्या माणसाने केलं असतं तर? नोबेल नाही, ओकाम्पो नाही, पुतणे चित्रकार नाहीत. सत्तरीला टेकलेला एक आजोबा शाईत बोटं बुडवून चोचीवाली जनावरं काढतोय. आपल्या पुण्यात त्याला पहिला प्रश्न येणार, “कुणाकडे शिकलात?” गाणं असो, चित्र असो, कीर्तन असो, नाहीतर उकडीचे मोदक, इथे माणसाआधी त्याच्या गुरूची चौकशी होते. घराणं कळलं की ऐकणाऱ्याला कुठे बसायचं ते कळतं. या सवयीने पुण्याला खूप काही दिलंय, सवाई गंधर्वला थंडीत पहाटेपर्यंत सतरंजीवर बसलेल्या कुणालाही ते नाकारता यायचं नाही. पण ज्याला सांगायला गुरू नाही त्याचं काय होतं, ते मी जवळून पाहिलंय.

कॉलेजात असताना नारायण पेठेतल्या एका छोट्या प्रेसमध्ये मी प्रुफं तपासायला जात असे. ऑफसेट आलेलं होतं, पण या बोळापर्यंत पोचलं नव्हतं. आत शिरलं की रॉकेल, शाई आणि ओल्या कागदाचा वास, ट्रेडलचा खटखटाट, आणि एकाच बल्बाच्या उजेडात अक्षरांच्या खणांच्या केसपुढे उभे असलेले जुळारी काका. काकांची शाळा चौथीत सुटलेली. बहात्तरच्या दुष्काळात शिरूरकडून पुण्यात आले, हमाली केली, मग प्रेसमध्ये झाडू मारता मारता खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, ओळखायला शिकले. सुलट अक्षरांपेक्षा उलट अक्षरं ते भराभर वाचत. मजकुराकडे नजर, आणि हात न बघता केसच्या बरोबर त्या खणात.

काका कविता करत. लिहीत नसत, करत. जेवणाच्या सुट्टीत भाकरी संपली की हात पुसून स्टिक, म्हणजे ओळी जुळवायची हातातली पट्टी, घ्यायचे आणि थेट खिळेच जुळवायला लागायचे. कागदावर आधी एक अक्षरही नाही. स्टिक भरली की कविता संपली. त्यामुळे सगळ्या कविता आखूड. ओळ पटली नाही तर चिमट्याने खिळा उचलायचा, दुसरा लावायचा. मग शाईचा हात फिरवून, हाताने दाबून एकच प्रूफ काढायचे, आणि सुट्टी संपायच्या आत खिळे सोडवून ज्याचे त्याच्या खणात परत, कारण दुपारी त्याच खिळ्यांनी कुणाची तरी लग्नपत्रिका जुळवायची असे. एक कविता, एक प्रत. तिची खाडाखोड कुठेच शिल्लक नाही.

त्या कवितांमध्ये कुठला शब्द यायचा हेसुद्धा पुष्कळदा प्रेसच्या धंद्यावर ठरे. दिवाळी अंकांच्या दिवसांत खिळे छपाईला लावलेल्या पानांच्या फर्म्यांत अडकून पडत. एकदा मी विचारलं होतं, “काका, इथे आभाळ जास्त बरं वाटलं असतं ना? आकाश जरा पुस्तकी वाटतं.” काका म्हणाले, “ळ कुठंय ताई? सगळे ळ मालकांच्या दिवाळी अंकात गेलेत.” ते गमतीने बोलत नव्हते. त्या आश्विनात केलेल्या त्यांच्या एकाही कवितेत ना आभाळ, ना सकाळ, ना बाभळ. गावाकडच्या दुष्काळावरच्या कविता आणि त्यात बाभळ नाही.

चित्रंही तशीच. पितळी पट्ट्या आणि वेलबुट्टीचे खिळे लावून काका दारं उभी करत. वाड्याचा दिंडी दरवाजा, गावातल्या घराचं बुटकं दार, धर्मशाळेचं. माणूस एकाही चित्रात नाही. प्रूफ काढलं की दाराच्या आतला अंधार अंगठ्याने भरायचे. रॉकेलचा बोळा फिरवला की अंधार थोडा फिकट व्हायचा, उंबऱ्याशी उजेड आल्यासारखा. अक्षरं उलटी लावायची सवय असलेला हा माणूस दारं मात्र डोळ्यांना दिसतील तशीच लावायचा, त्यामुळे कागदावर कडी भलत्या बाजूला उमटायची. मी ते दाखवलं तर कागद फिरवून बघत म्हणाले, “आतून बघितलं तर बरोबर आहे की.”

मीही त्यांना तो पुणेरी प्रश्न विचारलाच होता, हे सगळं शिकलात कुठे म्हणून. त्यावर ते म्हणाले, “सोळा पानांचा फर्मा तुमच्या प्रुफासाठी अडकलाय. आधी तेवढं उरका.”

पुढे प्रेस बंद पडला. खिळे वजनावर गेले. काका अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका लग्नपत्रिकांच्या दुकानात नमुने दाखवायला बसू लागले. तिथे संगणकावर पत्रिका जुळवणारा मुलगा होता, त्याच्याकडे हवे तेवढे ळ होते. काकांनी नंतर कविता केल्या नाहीत. मी वही नेऊन दिली होती, चांगली जाड पुठ्ठ्याची. ती त्यांनी दुकानाच्या उधारीसाठी वापरली. हातात पेन धरून कविता सुचत नाही म्हणाले. तेव्हा मला ते ऐकून वाईट वाटलं होतं, थोडा रागही आला होता. आता वाटतं, बरोबरच होतं त्यांचं. रवींद्रनाथांचा हात साठ वर्षं शाईच्या रेघेवर फिरला होता. चित्रं निघाली ती त्याच रेघेतून, मास्तरांच्या पेन्सिलीतून नव्हे. काकांचा हात शिशावर तयार झालेला. शिसं गेलं, हाताचं काम गेलं.

दोघांना एका ओळीत बसवतेय खरी, पण मधली दरी मला दिसतेच. रवींद्रनाथांनी आपली काही चित्रं एल्महर्स्ट या मित्राला दिली होती. अर्जेंटिनात आजारपणात सोबत होता तोच हा. इंग्लंडमधल्या त्याच्या डार्टिंग्टनच्या संस्थेने त्यातली १२ चित्रं २०१० साली लंडनमध्ये लिलावात काढली. १६ लाख पौंडांना गेली. चित्रं देशात परत यावीत म्हणून इकडे आरडाओरडा झाला, वर्तमानपत्रांत अग्रलेख आले. तो वाद वाचताना मी जेवणाच्या टेबलावर बसून काकांच्या सुनेचा नंबर शोधत होते आणि मला तो सापडला नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या आठवड्यात सुनेनेच फोन केला. नंबर त्यांच्या जुन्या उधारीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेला मिळाला म्हणाली. त्यांचा वाडा पाडून इमारत व्हायचीय, रविवारी सामान हलवतायत. “रद्दीवाल्याला बोलावलंच होतं, पण हे म्हणाले आधी ताईंना विचार.” मी विचारलं, पानं सुटी आहेत का कशात बांधून ठेवलीत. सुटी आहेत, दोन पोती भरून, पोटमाळ्यावर. वाळवी लागलीय का ते वर चढून बघितलेलं नाही. मी म्हटलं, शनिवारीच येते, रिक्षाने नेता येतील ना?

“एका फेरीत नाही मावायची,” ती म्हणाली, “आणि जुने कपडे घालून या. शाई अजून हाताला लागते.”